कॉक्स की क्रोन्स?

आमच्या घरातल्या एका फायलीत कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट आहे. चार रंगीत फोटो, खाली इंग्रजीत पाच-सहा ओळी आणि शेवटी, निदानाच्या जागी, दोनच शब्द : ‘कॉक्स? क्रोन्स?’ दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह. रिपोर्ट माझ्या चुलतभावाचा. करकंबहून पंढरपूर, पंढरपूरहून सोलापूर अशा खेपा घातल्यावर हा कागद घरात आला. मी तेव्हा कॉलेजात होतो, म्हणून तो वाचायला माझ्याकडे दिला गेला.

ही दोन माणसांची आडनावं आहेत, हे पुढे कळलं. रॉबर्ट कॉख हा जर्मन डॉक्टर, त्याने क्षयाचा जंतू शोधला. आपल्याकडचे डॉक्टर पेशंटसमोर ‘टीबी’ म्हणायचं टाळतात आणि आपसांत ‘कॉक्स’ म्हणतात. पेशंटही आता हुशार झालेत, त्यांना ‘कॉक्स’ म्हणजे काय ते कळतं, तरी सवय गेलेली नाही. दुसरा बरिल क्रोन, न्यूयॉर्कचा डॉक्टर. त्याच्या नावाचा आजारही आतड्याचाच. जंतूमुळे नव्हे, तर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटल्यामुळे होणारा.

दोन्ही आजारांना लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तो उजव्या कुशीखालचा कोपरा फार आवडतो. दोन्हींत पोट दुखतं, जुलाब होतात, माणूस वाळत जातो, बारीक ताप येतो. दोन्हींत आतड्यावर व्रण पडतात, आतडं जाड होऊन आकसतं. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दोन्हींत ‘ग्रॅन्युलोमा’ नावाच्या पेशींच्या गाठी दिसू शकतात. आणि उपचार मात्र बरोबर उलटे. टीबीत जंतू मारायचा असतो. क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारशक्ती दाबून धरायची असते. टीबी असलेल्या माणसाला क्रोन्सचा समजून स्टेरॉइड दिलं, तर जंतूला रान मोकळं मिळतं, माणूस दगावू शकतो. क्रोन्सच्या माणसाला टीबीचा समजून महिनोन् महिने गोळ्या दिल्या, तर तो लगेच दगावत नाही. त्याचं आतडं आत आकसत राहतं.

म्हणजे त्या कागदावरची दोन प्रश्नचिन्हं साधी नव्हती. ती तिथे एकत्र कशी आली, हे मी गेली काही वर्षं जमेल तसं वाचत आलो.

आमच्या भागात या दुखण्याला जुना शब्द आहे – संग्रहणी. खाल्लेलं अंगी लागत नाही, सारखं परसाकडे जावं लागतं, माणसाचा सापळा होतो, की म्हातारी माणसं म्हणायची, ‘संग्रहणी लागली.’ रक्त पडलं की रक्ती आव, कळ आली की मुरडा. आणि खोकला-तापाबरोबर माणूस झिजला की क्षय. या शब्दांत लक्षणं होती, कारण नव्हतं. जंतूच माहीत नव्हता, तर ते असणार कुठून?

थोरल्या माधवरावांचंच घ्या. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला, चिंतामणीच्या देवळाच्या आवारात ते वारले, तेव्हा वय होतं २७. राजयक्ष्म्याने गेले, हे शाळेत प्रत्येकाने वाचलेलं असतं, आणि ‘आतड्याचा क्षय’ असंही बरेच जण ठामपणे सांगतात. असेलही. त्या काळात आणि या मुलखात टीबी असण्याची शक्यता केव्हाही जास्त. पण पंचविशीतला तरुण, पोटातल्या कळा आणि सततचं झिजणं, एवढं आजच्या डॉक्टरसमोर ठेवलं तर तो कागदावर ती दोन आडनावंच लिहील. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं निदान आज करण्याचा खेळ मला फारसा पटत नाही. व्रणाचा तुकडा हातात असतानाही जे कळत नाही, ते बखरीवरून कसं कळावं?

कॉखने २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जाहीर केला आणि चित्र पालटलं. आता क्षय म्हणजे नुसतं झिजणं नव्हतं. काचपट्टीवर रंगवून दाखवता येईल असा आरोपी मिळाला होता. (हा कॉख १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईतही येऊन गेला.) आपल्याकडे टीबीच्या नावाने संस्था उभ्या राहिल्या. मिरजेला विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरचं इस्पितळ आधीपासून होतंच. पुढे सांगली-मिरजेच्या मधे वॉनलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत आली होती, १९२७ मध्ये ती मिरजेला जाऊन भिडली. तेव्हापासून आमच्या बाजूच्या गावांना ‘मिरजेला नेलंय’ या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नसे. कोणी मिरजेहून बरं होऊन आलं की गावभर चर्चा, नाही आलं की कोणी विचारायचं नाही.

याचा एक परिणाम झाला, जो तेव्हा कोणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. टीबी सगळीकडे असल्यामुळे पोटातलं प्रत्येक चिवट दुखणं टीबीच्या खात्यात जमा होऊ लागलं. जंतू सापडला तर उत्तमच, नाही सापडला तरी ‘असणार’ म्हणून.

*

जंतू सापडत नाही, याकडे गंभीरपणे पाहणारा एक जण होता ग्लासगोत. थॉमस केनेडी डॅल्झील, सर्जन. १९१३ मध्ये त्याने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आपले काही रुग्ण मांडले. त्यातला पहिला स्वतः डॉक्टर होता, १९०१ मधला. पोट उघडलं तेव्हा डॅल्झीलला आतडं ताठ आणि गुळगुळीत लागलं, मेलेल्या वाम माशासारखं. सगळं टीबीसारखं, पण टीबीचा जंतू नाही. डॅल्झीलचं मोठेपण मला यात वाटतं, की त्याने ‘जंतू सापडला नसेल, पण टीबीच’ असं म्हणून फाइल बंद केली नाही.

त्याला आठवण झाली ती गाईंची. गुरांमध्ये जोनी नावाचा आजार असतो. आपल्या पशुवैद्यकांनाही हे नाव माहीत असतं. गाय खाते-पिते, तरी जुलाब थांबत नाहीत, बरगड्या निघतात, दूध आटतं. तिचं आतडं जाड, घड्यांचं झालेलं असतं. त्या आजाराचा जंतू टीबीच्याच कुळातला. डॅल्झील म्हणाला, माणसातला हा आजार त्याच्याशी फार मिळताजुळता आहे, फक्त जंतू दाखवता येत नाही.

ही शंका अजून मेलेली नाही. १९८४ मध्ये रॉडरिक चिओदिनी या अमेरिकन संशोधकाने क्रोन्सच्या काही रुग्णांच्या आतड्यातून त्या कुळातला जंतू वाढवून दाखवला, तेव्हा बरीच खळबळ झाली. पुढे ऑस्ट्रेलियात २१३ रुग्णांवर दोन वर्षं तीन प्रतिजैविकं देऊन चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. टिकाऊ फायदा दिसला नाही. म्हणजे त्या कागदावरचे दोघे एकमेकांचे लांबचे नातेवाईक असतील का, या प्रश्नाचं आजचं उत्तर ‘बहुधा नाही’ असं आहे. दूध उकळून प्या, हे मात्र जोनी असो-नसो, खरंच आहे.

डॅल्झीलचा लेख फारसा कोणी वाचला नाही. त्यानंतर वर्षभरात महायुद्ध सुरू झालं.

१३ मे १९३२ ला न्यू ऑर्लिन्समध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या अधिवेशनात क्रोनने १४ रुग्णांची माहिती मांडली. त्याच वर्षी त्यांच्या जर्नलमध्ये लेख छापून आला. लेखक तीन : क्रोन, गिन्झबर्ग, ओपेनहायमर. तिघेही न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलचे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होणारा, टीबीचा नसलेला, तरुणांना गाठणारा एक वेगळा आजार आहे, असं त्यांनी ठासून सांगितलं. त्याला नाव दिलं ‘रीजनल इलियायटिस’. यातले बरेचसे रुग्ण बर्ग नावाच्या सर्जनने कापलेले. गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर त्याच्याच नमुन्यांवर आधीपासून काम करत होते. बर्गचं नाव लेखात नाही. आपण लिहिलं नाही, तर नाव कशाला, असं त्याचं म्हणणं होतं. उरलेल्या तिघांची नावं वर्णानुक्रमे लागली आणि ‘सी’ने सुरू होणारा पुढे राहिला. एवढ्यावर आजाराचं नाव ठरलं! गिन्झबर्गला हे शेवटपर्यंत सलत होतं म्हणतात. क्रोनला स्वतःलाही आपलं नाव आजाराला लावलेलं आवडत नसे. तो ९९ वर्षं जगला, १९८३ मध्ये वारला, तोवर त्याचं आडनाव जगभरच्या केसपेपरांवर चढलं होतं. मधल्या काळात, १९५६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरचं याच आजारासाठी ऑपरेशन झालं आणि सामान्य अमेरिकन माणसालाही तो माहीत झाला.

मग औषध आलं. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी क्रोन्सच्या चुलत आजारावर, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसवर, २१० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना कॉर्टिझोन, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. सहा आठवड्यांत कॉर्टिझोन घेणाऱ्यांपैकी शंभरात ४१ जणांचा आजार शांत झाला, दुसऱ्या गटात १६ जणांचा. इतका फरक तोवर कोणत्याच औषधाने दाखवला नव्हता. लंडन-न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना निदान झालं की स्टेरॉइड सुरू करता येऊ लागलं.

सोलापूर-मुंबईच्या डॉक्टरांना ते इतक्या सहज करता येत नव्हतं. कारण इथे समोरच्या माणसात कॉखचा जंतू दडलेला असण्याची शक्यता नेहमीच होती. ही भीती किती खरी आहे, ते पाश्चात्त्यांनाही पुढे कळलं. क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब हे नवं औषध १९९८ मध्ये बाजारात आलं आणि २००१ मध्ये एका शोधनिबंधाने ते घेतल्यावर टीबी उसळलेले ७० रुग्ण मोजून दाखवले. तेव्हापासून हे औषध देण्याआधी टीबीची तपासणी सगळीकडे सक्तीची झाली.

*

भारतात बराच काळ अशी समजूत होती, की क्रोन्स आणि कोलायटिस हे साहेबांचे आजार. आपल्याकडे आव, जंत आणि टीबी. यात थोडं सत्यही होतं, पण शोधलंच नाही तर सापडणार कसं? लुधियानाच्या अजित सूद यांच्या गटाने पंजाबात ५१,९१० लोकांची पाहणी केली, ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २३ रुग्ण निघाले, म्हणजे लाखात ४४. ‘साहेबांचा आजार’ या समजुतीला त्या तेवीस जणांनी मोठा धक्का दिला.

क्रोन्सचं प्रकरण त्याहून अवघड, कारण तिथे टीबी आडवा येतो. दिल्लीच्या एम्समध्ये टंडन आणि प्रकाश यांनी कापून काढलेली आतडी तपासून, टीबीची गाठ कशी आणि क्रोन्सची कशी, हे १९७२ मध्ये लिहून ठेवलं. टीबीच्या गाठी मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या, मधे पनीरासारख्या मऊ पडलेल्या. क्रोन्सच्या लहान, सुट्या. पण हे दिसायला आतडं कापून हातात यायला हवं. दुर्बिणीच्या चिमट्याने काढलेल्या तांदळाच्या कणीएवढ्या तुकड्यात ते दिसेलच असं नाही.

इथे मला ज्यांच्याबद्दल लिहायचं होतं ते डॉ. दीपक अमरापूरकर येतात. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधले पोटविकारतज्ज्ञ. त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, पण बहुतेक वेगळ्या कारणाने. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबई पाण्यात बुडाली. त्या संध्याकाळी ते गाडीतून उतरून तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडले. त्यांची छत्री सापडली. दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्याजवळ मृतदेह मिळाला. वय ५८. तेव्हा प्रत्येक वाहिनीवर मॅनहोल होतं, महापालिका होती, पाऊस किती मिलिमीटर झाला ते होतं. या माणसाने आयुष्यभर काय केलं, हे बातमीच्या शेवटच्या ओळीत ‘प्रसिद्ध गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट’ एवढ्या दोन शब्दांत उरकलं. मलाही त्यांचं नाव तेव्हाच प्रथम कळलं. नंतर त्या फायलीतल्या प्रश्नचिन्हांचा माग काढताना तेच नाव एका शोधनिबंधावर दिसलं आणि मी थबकलो.

यकृत हा त्यांच्या अभ्यासाचा मोठा भाग. मुंबईच्या रेल्वे वसाहतींतल्या लोकांमध्ये फॅटी लिव्हर किती, याची त्यांनी केलेली पाहणी आजही उद्धृत होते. पण २००८ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिलेला एक लेख आमच्या घरातल्या कागदाबद्दलच आहे असं वाटावं. विषय : टीबी सर्वत्र असलेल्या भारतात क्रोन्सचं निदान कसं करायचं.

पद्धत अगदी साधी. क्रोन्सचे २६ रुग्ण एका बाजूला, आतड्याच्या टीबीचे २६ दुसऱ्या बाजूला. वय आणि स्त्री-पुरुषांचं प्रमाण जवळपास सारखं. मग एकेक गोष्ट समोरासमोर ठेवायची. दुखणं किती दिवसांचं? जुलाब आहेत? रक्त पडतं? ताप? पोटात पाणी? आधी टीबी झाला होता? दुर्बिणीतून काय दिसलं, तुकड्यात काय दिसलं, जंतू रंगवून दिसला का, वाढवून दिसला का, टीबीच्या औषधाने फरक पडला का?

बावन्न माणसं म्हणजे फार नाहीत, हे संशोधकांनाही ठाऊक असतं. यात चकचकीत यंत्र नाही, नवा रेणू नाही. ओपीडीत रोज जे विचारलं जातं तेच नीट, न चुकता, दोन्ही बाजूंना सारखं विचारून लिहून ठेवलंय. मला हे काम डॅल्झीलच्या जातीचं वाटतं. पाश्चात्त्य पुस्तकं क्रोन्सबद्दल सगळं सांगतात, पण ती ज्या देशांत लिहिली गेली तिथे टीबी जवळजवळ संपला होता. त्यामुळे हा प्रश्न त्यांना पडतच नव्हता. तो इथल्याच डॉक्टरांना सोडवायचा होता, इथल्याच पेशंटांवरून.

अशा तुलनांमधून, मुंबईतल्या आणि नंतर इतरत्र झालेल्या, काही खुणा पुन्हा पुन्हा पुढे येतात. दुखणं वर्षानुवर्षांचं असेल, शौचातून रक्त पडत असेल, गुदद्वारापाशी भगंदर असेल, जोडीला सांधे किंवा डोळे धरत असतील, तर पारडं क्रोन्सकडे झुकतं. ताप ठळक असेल, पोटात पाणी झालं असेल, छातीच्या फोटोत टीबीचे डाग असतील, तर टीबीकडे. दुर्बिणीत टीबीचे व्रण बहुधा आतड्याच्या रुंदीला आडवे दिसतात, क्रोन्सचे लांबीला उभे, मधे मधे निरोगी जागा सोडून. यातली एकही खूण एकटी पुरत नाही. जंतू दिसला तर प्रश्न मिटतो, पण आतड्याच्या टीबीत तो बऱ्याचदा दिसत नाही. कफ तपासणारं जे मशीन आता तालुक्याच्या गावीही पोचलंय, तेही आतड्याच्या तुकड्यात अनेकदा हुकतं.

म्हणून आपल्याकडे एक तोडगा रूढ झाला. शंका असेल तर आधी टीबीची औषधं द्यायची आणि काय होतं ते पाहायचं. टीबी बरा होणारा आहे, आणि तो सुटला तर जीव जातो, म्हणून हे क्रमाने बरोबरच आहे. गोची ‘पाहायचं’ या शब्दात आहे. कधी पाहायचं, कशाने पाहायचं?

माझ्या भावाच्या बाबतीत ते पाहिलंच गेलं नाही. ज्या दवाखान्यात एकेटी सुरू झाली, तिथे पुढच्या तारखा मिळत गेल्या, गोळ्या मिळत गेल्या. लघवी केशरी होते, ती औषधाची खूण आहे, घाबरू नका, एवढं सांगितलं. दोन महिन्यांनी त्याचा ताप गेला, वजन किलोभर वाढलं. घरच्यांना हायसं वाटलं. काकू शेजारणीला सांगायची, ‘लागू पडलंय औषध.’ नऊ महिने झाले तरी कळा होत्याच. शेवटी एका रात्री पोट फुगून उलट्या सुरू झाल्या आणि त्याला पुण्याला हलवावं लागलं. आतड्याचा वीतभर तुकडा काढला. तो तपासल्यावर एक प्रश्नचिन्ह गेलं. क्रोन्स.

एम्समधल्या डॉक्टरांनी पुढच्या काळात यावर बरंच काम केलं. त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, टीबी असेल तर औषध सुरू केल्यावर साधारण दोन महिन्यांत आतड्यावरचे व्रण भरू लागलेले दुर्बिणीत दिसतात. बरं वाटणं हा पुरावा नव्हे, क्रोन्सच्या रुग्णालाही या गोळ्यांवर काही दिवस बरं वाटू शकतं. व्रण भरणं हा पुरावा. दोन, क्रोन्सच्या ज्या रुग्णांना आधी टीबीची औषधं दिली गेली, त्यांच्यात आतडं आकसण्याचं प्रमाण जास्त आढळलं. हा दुसरा निबंध मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा मला पुण्याचं ते ऑपरेशन थिएटरबाहेरचं बाकडं आठवतं.

जगातल्या दर चार नव्या टीबी रुग्णांमागे साधारण एक भारतात असतो. दुसऱ्या बाजूला क्रोन्सचे रुग्णही आता गावोगाव निघू लागलेत. खाणं बदललं म्हणून, की शोधणारे वाढले म्हणून, यावर वाद चालू आहे. दोन्ही असावं. काहीही असलं तरी ती दोन आडनावं अजून बरीच वर्षं एका ओळीत लिहिली जाणार.

त्यामुळे सध्या शहाणा डॉक्टर एकेटीची चिठ्ठी देतानाच दुसऱ्या कोलोनोस्कोपीची तारीख लिहून देतो. पेशंट ती टाळतो, आणि त्याचं कारणही खरं आहे. आदल्या रात्री दोन-तीन लिटर खारट पाणी प्यायचं, रात्रभर संडासला पळायचं, त्यात घरात दहा माणसं आणि संडास एक. पहाटे उपाशीपोटी करकंबहून पंढरपूरची एसटी धरायची, तिथून सोलापूरची. वाटेत पुन्हा लागली तर कंडक्टरला सांगायचं कसं, या धास्तीने बरोबर कोणाला तरी न्यायचं, म्हणजे त्याचाही रोज बुडाला. आणि एवढं करून कशासाठी? तर आता जरा बरं वाटतंय, पण ते खरं आहे का, हे बघायला.